वर फिरणाऱ्यांच्या अंगावरचा बिल्ला

माझी थोरली पोटात होती त्या वर्षी आभाळात माणसं राहायला होती. नुसती जाऊन आलेली नव्हेत बरं का. चंद्रावर जाऊन माती घेऊन आलेले ते निराळे, ते आधी होऊन गेले. ही तिघं वरच मुक्कामाला होती. घराएवढं एक यान पृथ्वीभोवती फिरत होतं आणि त्यात हे तिघं जेवत होते, झोपत होते, दाढ्या वाढवत होते, आठवडेच्या आठवडे. आणि मी खाली भोरला, एका दवाखान्याच्या काळोख्या खोलीत लाल दिव्याखाली, लोकांच्या छातीचे फोटो धूत होते. त्यांचा नि माझा काय संबंध, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं असतं. पण त्या तीन महिन्यांत मी माझ्या सख्ख्या भावांची केली नसेल इतकी त्या तिघांची काळजी केली. त्याला कारण एक बिल्ला.

बिल्ला म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. एक्सरेच्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाला तो लावावा लागे. काडेपेटीपेक्षा जरा चपटा, प्लास्टिकचा, मागं चाप. आत काळ्या कागदात गुंडाळलेला फिल्मचा छोटा तुकडा. महिनाभर तो छातीवर लावून वावरायचं. महिना संपला की आतली फिल्म काढून रजिस्टर पोस्टानं मुंबईला पाठवायची आणि नवी घालायची. तिकडं कुणीतरी ती धूत असे, किती काळी पडली ते मोजत असे आणि कागद येई, की अमक्याच्या अंगावर ह्या महिन्यात एवढे किरण पडले. माझ्यापुढं नेहमी एकच लिहून यायचं, मोजण्याजोगं काही नाही.

दवाखान्यात मी लागले ती झाडलोट करायला. शिक्षण चौथी. पण एक्सरे काढणारे जे काका होते त्यांनी मला हळूहळू आत ओढलं. काका वयस्कर, धोतर नेसायचे, वरून पांढरा कोट, कपाळाला बुक्का. त्यांनी मला फिल्म धुवायला शिकवली. आधी एका पाण्यात, मग दुसऱ्या पाण्यात, मग साधं पाणी, मग दोरीवर चिमट्यानं टांगायची. त्या दोन पाण्यांची इंग्रजी नावं मी बाटल्यांवरून वाचायला शिकले, आणि त्यातून इंग्रजी अक्षरंच शिकले म्हणा ना. पाटी-पेन्सिलीनं नाही, औषधाच्या बाटल्यांनी.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या पदराला तो बिल्ला लावला तेव्हा मी विचारलं, "हे कशाला ओ काका?"

"ह्या मशीनचं किरण दिसत न्हाईत. पोळत न्हाईत. वास न्हाई. अंगावर किती पडलं ते अंगाला कळत न्हाई. ह्या फिलमला कळतं."

"मग फिलम शहाणी म्हणायची."

"तुझ्यापरीस तरी हायेच," काका म्हणाले.

असं आमचं चालायचं. वेल्ह्याकडून, डोंगरातून, चालत चालत लोक यायचे. खोकला हटत नाही म्हणून कुणीतरी पाठवलेले. मशीन बघून निम्म्यांचा धीर सुटायचा. एका आजीनं तर मला विचारलं होतं, "फोटू काडल्यावर रगत कमी हुतं का गं?" मी म्हटलं, "आजी, म्या रोज हितंच असते, बघा माझ्याकडं." ती म्हणाली, "तेच बघती. तू बारीकच हायेस." घ्या!

तर मला दिवस गेले. डॉक्टरसाहेबांना सांगितलं. ते तरुण होते, पुण्याहून आलेले, शिस्तीचे. त्यांनी मला समोर उभं करून बजावलं, "फोटो काढताना तू भिंतीच्या मागं. पेशंटला धरायचं नाही. कुणालाही. कळलं?" कळलं होतं. आणि मी ते पाळलंही, एकदा सोडून.

ते एकदाचं सांगते. वेल्ह्याच्या वरच्या वाडीवरून एक बाप तीन-चार वर्षांची मुलगी घेऊन आला. मुलीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. ती मशीनपुढं उभीच राहीना. बापाला धरायला सांगितलं तर तोच तिच्याहून जास्त थरथरत होता, आणि दोन फिल्मी वाया गेल्या, दोन्हीवर नुसता धुरळा. फिल्म म्हणजे काय ज्वारीची भाकरी नव्हे, मोजून यायच्या. मी शिशाचा तो जड एप्रन चढवला आणि गेले आत, धरली पोरीला. काकांनी बटण दाबलं. एक क्षणाचं काम. तिसरी फिल्म स्वच्छ आली. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि डॉक्टरसाहेबांना काही बोललो नाही.

हे झालं भादव्यात. कार्तिकात मुंबईहून कागद आला.

त्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं आणि बसायला सांगितलं. आयाला डॉक्टर बसायला सांगतो तेव्हा तिनं समजून जावं. कागद त्यांच्या हातात होता. आश्विन महिन्याच्या माझ्या फिल्मवर खूप जास्त किरण आढळले, एका महिन्यात इतके यायला नकोत, कसे आले त्याचा खुलासा करावा, आणि खुलासा होईपर्यंत ह्या बाईंना किरणांच्या कामावर ठेवू नये.

"तू आत थांबली होतीस का?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, त्यानंच मला जास्त भीती वाटली.

मी खरं सांगितलं. वेल्ह्याची मुलगी, एप्रन, एक फोटो. त्यांनी मान हलवली. "एकदा एप्रन घालून धरल्यानं एवढं येत नाही. आणि ते भादव्यातलं. हे त्यानंतरचं आहे. आणखी कधी?"

"न्हाई ओ."

"आठव."

"साहेब, आठवायचं काय, मी गेलेच नाही."

 मला सातवा महिना लागला होता. मी विचारलं, "पोटातल्याला काही झालं असंल का?"

खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. म्हणाला, "ही फिल्म तुझ्या अंगावर असताना काळी झाली असेल, तर मला काळजी वाटते. अंगावर नसताना झाली असेल, तर काहीच नाही. कुठलं ते मला माहीत नाही."

बस. पुढचे दीड-दोन महिने ह्या दोन वाक्यांमध्ये मी उभी होते.

मला केस पेपर लिहायच्या टेबलावर बसवलं. संध्याकाळी घरी जाऊन मी काही बोलले नाही, पण आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या बाळंतपणासाठी हिर्डोशीहून नाचणीचं पीठ आणि तांदूळ डोक्यावर घेऊन भोरला आल्या होत्या. त्यांच्यापासून काही लपत नसे. भाकरी थापता थापता माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बिल्ला कुठाय तुझा?"

"काढून घेतला."

"का?"

सगळं सांगितलं. त्यांनी भाकरी उलटली, पाणी फिरवलं, आणि म्हणाल्या, "ते काम सोड. म्या आधीपासनं सांगतीय." मग थोड्या वेळानं, "आन तुझ्या त्या फिलमला कुठं पडलं, कसं पडलं, ते बोलता येत न्हाई व्हय? नुसतं 'लई' म्हणून गप बसली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले. रात्री झोपले नव्हते, डोळ्यांवरून कळत होतं. माणूस एवढासा झाला होता.

"बाय," म्हणाले, "तुझा बिल्ला म्या पूजेला मांडला हुता."

मला कळेचना. "कुठल्या पूजेला?"

तर ऐका. आम्ही बौद्ध. दसऱ्याला आमच्याकडं हत्यारांची पूजा नसते. आमचा तो दीक्षेचा दिवस, पांढरं लुगडं नेसून वंदनेला जायचं. त्या दिवशी मी सुट्टी घेऊन गेले होते, आणि बिल्ला नेहमीप्रमाणं एक्सरेच्या खोलीबाहेरच्या खिळ्याला टांगला होता. इकडं काकांनी दवाखान्यात पूजा मांडली. कात्र्या, चिमटे, फिल्मीच्या पेट्या, एप्रन, सगळं पुसून मशीनखालच्या टेबलावर ओळीनं. मशीनला झेंडूचा हार. आणि माझा बिल्ला खिळ्याला एकटा बघून काकांना वाईट वाटलं.

"म्हटलं, सगळ्यांची हत्यारं पुजली, पोरीचं तेवढं राहिलं. म्हणून आणलं आन मधोमध ठिवलं. मशीनच्या बरोबर खाली. वर हळदीकुंकू वाहिलं. भोकाचा एक पैसा हुता माझ्या कनवटीला, आईच्या वेळचा, तो बिल्ल्यावर ठिवला."

"मग?"

"मग नारळ फोडला. आन मशीन चालवल्याबिगर पूजा कसली? मुहूर्ताचं म्हणून चार-पाच येळा बटन दाबलं." काकांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. "वीस वर्सं झाली ह्या कामात. तुला म्या शिकवलं. आन देव म्हणल्यावर किरणंच इसरलो बघ."

मी म्हटलं, "मला इचारायचं तरी."

"तू असतीस तर न्हाई म्हणाली असतीस."

"व्हय, म्हणालेच असते!"

आणि मग हसूही आलं आणि रडूही. दोन्ही एकदम येतं तेव्हा चेहऱ्याचं काय करावं तेच कळत नाही.

मी धावत डॉक्टरसाहेबांकडं. म्हणजे सातव्या महिन्यात बाई जेवढी धावेल तेवढी. त्यांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना बाहेर पाठवलं. मग मला म्हणाले, "काकांचा तुझ्यावर फार जीव आहे. तुझं मन हलकं व्हावं म्हणून ते काय वाटेल ते स्वतःवर घेतील. खरंही असेल. पण खरं असेल अशा भरवशावर मी तुझ्या पोराचं काय ठरवू?"

माझ्याही मनात तोच किडा वळवळला, कशाला लपवू. काका तसेच होते. स्वतःच्या डब्यातली भाजी मला द्यायचे आणि म्हणायचे, मला आवडत न्हाई. त्यांचं बोलणं मी तरी किती खरं मानावं?

पण मी रोज फिल्मी धूत होते ना. लोक म्हणायचे आम्ही अंगावरचं सगळं काढलं, आणि फिल्म पाण्यातून वर आली की त्यात ताईत दिसायचा, चोळीची पिन दिसायची, एका म्हातारबांच्या खिशातली किल्ली दिसली होती. धातू लपत नाही. जिथं धातू तिथं फिल्म पांढरी राहते, बाकी काळी होते.

मी म्हटलं, "साहेब, बिल्ल्यावर पैसा होता ना? मग फिल्मवर पैसा असंलच. भोकासकट."

 डॉक्टरसाहेबांनी ड्रॉवर उघडून कागद घेतला. पत्र त्यांनी इंग्रजीत लिहिलं, पण मला मराठीत वाचून दाखवलं. आणि खाली कोरी जागा राहिली होती ती माझ्यापुढं सरकवून म्हणाले, तुला काही लिहायचं तर लिही, तिकडं मराठी वाचणारे आहेत.

काय लिहावं? मनात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती काकांच्या पेपरातून आली होती. काका दुपारी पेपर मोठ्यानं वाचायचे. त्यात त्या आठवड्यात होतं की तिघं जण वर गेले आहेत आणि तिथंच राहणार आहेत. वर हवा नाही, सूर्याचे आणि आणखी कुठकुठले किरण सरळ येऊन पडतात, म्हणून त्यांच्याही अंगावर किरण मोजायची साधनं लावलेली आहेत. काका थांबून म्हणाले होते, "म्हणजे बिल्लाच की गं. तुझा नि त्यांचा एकच." मी त्या वेळी फिल्मच्या पाकिटावर एका पेशंटचं वय लिहीत होते, ते तसंच अर्धं राहिलं. मशीन बंद केलं की आमचे किरण बंद. त्यांचं मशीन कुणी बंद करायचं?

म्हणून मी त्या कोऱ्या जागेत लिहिलं, जमेल तशा अक्षरात: माझी फिल्म आपण वाचता तशी वर फिरणाऱ्या तिघांची कोण वाचतं? आणि त्यांना कधी सांगतात?

मग वाट बघणं. पोस्टमन दिसला की मी टेबलावरून उठून दाराशी. डॉक्टरसाहेब माझ्यासमोरून जाताना उगाच हसायचे. काका तर माझ्या टेबलाकडं येईनासेच झाले. आत्याबाई दिवसातून चारदा विचारायच्या, "हलतंय न्हवं?" हलत होतं. भरपूर हलत होतं. पण हलणाऱ्याला आत काय झालंय ते हलण्यातून थोडंच कळतं?

आमचे हे भाटघरच्या धरणावर कामाला होते. एकदा ते सांगत आले, की उद्या दिवेलागणीला ते यान आपल्यावरून जाणार आहे, रेडिओवर सांगितलं, धरणाच्या भिंतीवरून चांगलं दिसेल. मी म्हटलं, मी येणार. आत्याबाई म्हणाल्या, "ह्या अवस्थेत?" आणि स्वतःच सर्वांआधी डोईवर पदर घेऊन निघाल्या.

धरणाचं पाणी त्या वेळी काठोकाठ होतं. सूर्य बुडालेला, आभाळ अजून पिवळट, थंडी वाजायला लागलेली. आणि खरंच, नैऋत्येकडून एक चांदणी वर आली. चांदणी लुकलुकते, ही लुकलुकत नव्हती. विमानासारखा आवाज नाही, लाल-हिरवा दिवा नाही. सरळ रेघ मारल्यासारखी ती डोंगरावरून वर चढली, आणि खाली पाण्यातही तिच्याबरोबर एक ठिपका चालला. 

"त्यात माणसं हायेत?" आत्याबाईंनी हळूच विचारलं.

"तीन," मी म्हटलं.

"आन ती पडत कशी न्हाईत?"

ह्यांनी काहीतरी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात ती चांदणी डोक्यावरून जरा पुढं गेली आणि विझली. मावळली नाही, ढगात गेली नाही. आभाळाच्या मधोमध विझली.

"अगं बया! इझली!" आत्याबाईंनी माझा दंड धरला. "काय झालं त्यांना?"

"काही न्हाई आई, पृथ्वीच्या सावलीत गेली," हे म्हणाले. "तिकडं त्यांची रात झाली."

मी तशीच वर बघत राहिले. माझ्या पोटात एक जीव, त्याला दिसत नाही बाहेर काय आहे. त्या डब्यात तीन जीव, त्यांच्या आरपार काय जातंय ते त्यांना दिसत नाही. आणि मधे मी, मलाही दिसत नाही. आम्हा सगळ्यांचा भरवसा बोटभर फिल्मच्या तुकड्यावर. खरं सांगते, मला त्या वेळी भीती वाटायला हवी होती. भीती कुठं गेली होती कोण जाणे. एवढ्या मोठ्या आभाळात, एवढ्या उंचीवर, माणूस गेलाय आणि जाताना आठवणीनं बिल्ला लावून गेलाय, ह्याचंच मला इतकं वाटत होतं की थंडीत पाय गारठले तरी मी हलेना. शेवटी आत्याबाईंनीच ओढत आणलं.

पौषात पत्र आलं. लिफाफा जाड होता. डॉक्टरसाहेबांनी काकांनाही बोलावलं. काका दाराशीच उभे राहिले, आत येईनात.

सगळ्यांत आधी लिफाफ्यातून निघाला एक फोटो. माझ्या फिल्मवरून काढलेला, मोठा केलेला. मधोमध गोल, आणि गोलाच्या मधोमध भोक. भोकाचा पैसा! कडा इतक्या धारदार, जणू आत्ताच ठेवलाय. काका दारातच मटकन खाली बसले.

पत्रावर सही एका बाईंची होती. फिल्मी वाचणारी बाई होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिनं लिहिलं होतं, की असं गोल चिन्ह आम्हालाही दिसलं होतं, पण धुताना पडलेला डाग असावा असं वाटलं. तुमच्या पत्रानंतर फिल्म पुन्हा काढून पाहिली. माणसाच्या अंगावर फिल्म असती तर माणूस हलतो, वळतो, कडा अशा धारदार येत नाहीत. ही फिल्म एका जागी पडून होती आणि किरण बरोबर वरून आले. आणि पुढचं तर ऐकाच. पैशानं खालची फिल्म झाकली होती. म्हणजे पूजेचे किरण तिथं फारसे पोचले नाहीत. पण महिन्याचे बाकीचे दिवस, जेव्हा बिल्ला माझ्या छातीवर होता आणि पैसा नव्हता, तेव्हा काही पडलं असतं तर ते तिथंही उमटलं असतं. त्यांनी ती पैशाखालची जागा वेगळी मोजली. ती न वापरलेल्या फिल्मइतकीच स्वच्छ होती.

माझा खरा महिना त्या पैशाच्या सावलीत होता.

डॉक्टरसाहेबांनी वाचणं थांबवून चष्मा पुसला. "मोजण्याजोगं काही नाही," ते म्हणाले. "ऐकलंस? काही नाही."

काका खालूनच म्हणाले, "साहेब, मला काय शिक्षा ती करा."

"करणारच आहे. लेखी ताकीद. आणि तो खिळा आजच्या आज उपटा, बॅज माझ्या खोलीत राहतील." मग जरा थांबून, "आणि पुढच्या दसऱ्याला मशीनची वायर काढून पूजा करा."

काका उठले, माझ्याजवळ आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खिळा उपटायला निघून गेले. बराच वेळ हातोडीचा आवाज येत होता. एका खिळ्याला एवढा वेळ लागत नाही.

पत्र अजून संपलं नव्हतं. दुसऱ्या पानावर, मराठीत, वेगळ्या शाईनं, बाईंनी माझ्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं. ते मी घरी जाऊन आत्याबाईंना वाचून दाखवलं, अक्षरन् अक्षर.

त्या लिहीत होत्या, की वरच्यांच्या अंगावरही फिल्म असते, आणि त्याशिवाय मिठाच्या खड्यासारखे बारीक खडे असतात, जे किरण साठवून ठेवतात. ते सगळं ते खाली आल्यावरच वाचता येतं, तुमच्यासारखीच वाट बघावी लागते. पण प्रत्येकाजवळ एक लहान यंत्रही असतं. त्यावरचा आकडा रोज वाचायचा आणि रेडिओवरून खाली सांगायचा. खाली माणसं बसलेली असतात, ती उतरवून घेतात. दक्षिणेकडच्या एका समुद्रावरून यान जातं तेव्हा तो आकडा एकदम चढतो, कारण तिथं आभाळातले कण खाली झुकलेले आहेत. ते तिथून दिवसातून कितीतरी वेळा जातात, तिथं पुन्हा जाणार हे ठाऊक असताना जातात. आणि चंद्रावर गेलेल्यांनी सांगितलं आहे, की काळोखात डोळे मिटून पडलं की डोळ्यांत वीज चमकल्यासारखी दिसते. बाहेर काही नसतं. एखादा कण यानाच्या पत्र्यातून, माणसाच्या डोक्यातून, डोळ्यातून आरपार जातो आणि जाताना डोळ्याला दिसतो.

मी वाचायची थांबले. मला पुढचं वाचवेना. जो किरण दिसत नाही, पोळत नाही, ज्याला वास नाही म्हणून काकांनी मला शिकवलं होतं, तो किरण कुणालातरी दिसला होता! मिटल्या डोळ्यांनी! मी डोळे मिटून बघितलं. काळं, नुसतं काळं, आणि चुलीचा लालसर उजेड पापणीवर. आमच्या डोक्यावर मैलोगणती हवा आहे म्हणून, बाईंनी शेवटी लिहिलं होतं. ती हवाच तुम्हा-आम्हाला झाकते.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं होतं. नाचणीच्या पिठात हात होता तो तसाच होता. मग त्यांनी विचारलं, "ते आकडा खाली सांगत्यात."

"व्हय."

"खालची मानसं लिवून घेत्यात."

"व्हय, आत्याबाई."

"आन त्यांच्या आयांना कोन सांगतं?"

मी पत्र उलटून बघितलं. मागं काही नव्हतं.

माघात मला मुलगी झाली. डॉक्टरसाहेबांनी तिला उलटं-सुलटं करून बघितलं, कानात बघितलं, टाळूवर हात फिरवला आणि म्हणाले, उत्तम आहे. मुंबईचं पत्र माझ्या उशाशी होतं. तरीही ते बाहेर गेल्यावर मी दुपटं सोडून तिच्या हातापायांची बोटं मोजली. मग आत्याबाईंनी मोजली. त्यांनी दोनदा मोजली.

त्याच आठवड्यात ते तिघं खाली उतरले, समुद्रात. काका मला भेटायला आले ते पेपर घेऊनच आले. मी बाळंतिणीच्या खाटेवर पोरीला मांडीवर घेऊन अख्खा पेपर वाचला. त्यात सगळं होतं. पृथ्वीभोवती किती फेऱ्या घातल्या ते होतं. काय खाल्लं ते होतं, दाढ्यांचा फोटो होता, जमिनीवर पाय ठेवल्यावर त्यांना नीट उभंही राहवेना हेसुद्धा होतं.

"काय शोधतीस?" काकांनी विचारलं.

"त्यांच्या बिल्ल्यावर किती आलं ते."

काकांनी पेपर माझ्या हातातून घेतला, चष्मा चढवला आणि पहिल्या पानापासून बोट फिरवत ओळ न् ओळ बघितली. जाहिरातीही बघितल्या. मग घडी घालून उशाशी ठेवला.

"इतक्या लौकर कसं येईल? आधी धुवावी लागंल ना फिलम," ते म्हणाले. "उद्याचा बी आणतो."